तीन किलो कमी पडले

"ताई, तुमचं तीन किलोंनी राहतंय बघा."

बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीपुढं विम्याचा एजंट मला सांगत होता. त्याच्या मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा होता. माझी उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९७ किलो. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो. माझा आला ३८.९. पॉलिसीला हवा होता ४०.

"शंभर करा की. दिवाळी तोंडावर आलीय, अवघड काय त्यात?"

तो चेष्टा करत नव्हता. नियमच तसा आहे. विमा नियामकानं २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखा मजकूर ठरवून दिला. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायचा तर बीएमआय ४० किंवा जास्त हवा. ३५ च्या वर असेल तर जोडीला हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असं काहीतरी हवं, आणि बाकीचे उपाय करून फसलेले असावेत. माझ्याकडं पीसीओडी आहे, गुडघे आहेत, काठावर आलेली साखर आहे. यातलं एकही त्या यादीत नाही. म्हणजे मी आजारी आहे, पण पुरेशी आजारी नाही.

पुण्यातल्या हॉस्पिटलनं साडेतीन लाख सांगितले होते. आमच्या घरात एवढा आकडा उसातच मोजतात. इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या पुढं आमची अडीच एकर आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी. आडसाली लावला तर ऊस तुटेपर्यंत सोळा-अठरा महिने जातात. एकशे दहा टन निघाला तर तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात येतात तीन-सव्वातीन लाख, आणि त्यातून खताची, औषधाची उधारी भागवायची असते. म्हणजे माझं पोट लहान करायला घरातल्या सगळ्यांची दीड वर्षाची मेहनत लागणार. साखरेचा पट्टा, आणि त्या साखरेच्या पैशातून हे ऑपरेशन. यावर मी स्वतःच खूप विनोद केलेत. आता हसू येत नाही.

प्रश्न पैशाचा दिसतो, पण त्याच्या खाली दुसराच आहे: हा खर्च मागायचा मला हक्क आहे का? कारण गावात, नात्यात, ऑफिसात सगळ्यांच्या मनात एक उत्तर तयार असतं. खाल्लंस तू, भोग तू.

यावर मी बरंच वाचलं. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा सहा वर्षांनी अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, आणि तरीही त्यांची शरीरं अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होती. शरीर जुन्या वजनाची राखण करत बसतं. आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्यायचं तर केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं आहे. त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांच्या गटानं गरोदर बायका आणि त्यांची बाळं पाहिली. ती बाळं वजनानं लहान, पण त्या मानानं चरबी राखून जन्मलेली निघाली.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची आणि सुकडी खाऊन दिवस काढायची. तिच्या भुकेचा माझ्या पोटाशी नेमका काय संबंध, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण माझ्या शरीराचा हिशोब माझ्या ताटापासून सुरू होतो, असं मी आता मानत नाही.

तरी ही पळवाट आहे, हेही मला कळतं. मी वडापाव खाल्लेत. रात्री उठून डब्यातले लाडू खाल्लेत. सगळं दुष्काळावर आणि गुणसूत्रांवर ढकललं तर खोटं होईल. म्हणून मी प्रश्न उलटा केला: समजा, सगळा दोष माझाच आहे. मग उपचाराचा हक्क जातो का?

आमचे आप्पा तीस वर्षं बिडी ओढायचे. चार वर्षांपूर्वी छातीत कळ आली, अँजिओप्लास्टी झाली, खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून भागला. भेटायला आलेल्या कुणीही म्हटलं नाही की आधी सहा महिने बिडी सोडून दाखवा, मग बघू. सगळे शहाळी घेऊन आले. आजार चुकीतून आला की नशिबातून, हे तिथं कुणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मग माझ्याकडंच पावती का मागतात? मला वाटतं, बिडी छातीत लपते. माझं वजन एसटीच्या दोघांच्या सीटवर शेजारच्याला लागतं.

आणि हसं झाल्याशिवाय मदतही मिळत नाही. २०१७ मध्ये मुंबईच्या निवडणुकीच्या बंदोबस्ताची टर उडवताना एका नामवंत लेखिकेनं एका लठ्ठ पोलिसाचा फोटो ट्विटरवर टाकला. ते निघाले मध्य प्रदेशातले पोलीस निरीक्षक, वजन १८० किलो. देशभर चर्चा झाली आणि मुंबईतल्या हॉस्पिटलनं त्यांची शस्त्रक्रिया मोफत केली. चांगलंच झालं. पण फोटो निघाला नसता तर? नितीन गडकरींनी हीच शस्त्रक्रिया २०११ मध्ये करून घेतली, तेव्हा ती तब्येतीची काळजी ठरली. माझी मात्र 'शॉर्टकट' ठरते.

शॉर्टकट काय असतो ते पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. जठराचा पाऊण भाग, कधी त्याहून थोडा जास्तच, कापून काढतात. भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून भूकही कमी होते. कापलेलं परत जोडता येत नाही. बी-१२, लोह आणि बाकीच्या गोळ्या जन्मभर. काहींचं वजन काही वर्षांनी थोडं परत येतं. इंजेक्शनांचंही मी विचारलं. ती २०२५ पासून आपल्याकडं मिळतात, पण दर महिन्याला काही हजार लागतात, आणि बंद केली की बहुतेकांचं वजन पुन्हा चढतं.

आजीनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "पोरी, धडधाकट पोट कापायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. जठर धडधाकट आहे हे खरं. पण गुडघे, पाळी, साखर यांचं काय? एक चांगला अवयव देऊन बाकीचे वाचवायचे, असा हा सौदा आहे. तो माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केला तर अन्याय होईल. मी समजून केला तर कदाचित नाही.

पण 'मी' म्हणजे कोण, तिथंच मी अडकले. आप्पा म्हणाले, "लग्नाला ठेवलेत त्यातले घे. नाहीतरी त्यासाठीच चाललंय." ते प्रेमानं म्हणाले, आणि मला ते सगळ्यात जास्त लागलं. तीन स्थळांनी फोटो बघून नकार कळवलाय. ज्यांनी मला नको म्हटलं, त्यांना हवं तसं व्हायला मी पोट कापतेय का? बरेच दिवस वाटायचं, असं असेल तर करूच नये. मग लक्षात आलं, त्यांना चिडवायला म्हणून न करणं हीसुद्धा त्यांचीच चाकरी. मी एक कसोटी लावली: उद्या लग्न हा विषयच जगातून गेला, तरी मला जिना न थांबता चढायचाय का? हो. सकाळी उठल्यावर टाच जमिनीला टेकवताना भीती वाटू नये असं वाटतं का? हो. बाकीच्या इच्छा त्यात मिसळलेल्या राहतील. पूर्ण निवळलेली इच्छा मिळेपर्यंत थांबायचं तर कुणीच काही करणार नाही.

आता ते तीन किलो. लपवत नाही, दिवाळीत मी प्रयत्न केला. आठ दिवस करंज्या, चकल्या, आणि भिगवणला जाऊन मासे. काटा ९८.४ वर गेला. खोटं काहीच नव्हतं. शंभर झाले असते तर ते खरेच शंभर असते, सही-शिक्क्यानिशी. पण नवव्या दिवशी ताटावर बसले आणि घास उतरेना. आयुष्यभर 'खाते म्हणून जाडी' हे मी नाकारत आले, आणि आता तेच मुद्दाम, हिशोबानं खरं करत होते. त्यात तो पैसा कंपनीच्या मालकाचा नसतो, माझ्यासारख्या हप्ता भरणाऱ्यांचा असतो. नियम वाईट आहे, असं मी आजही म्हणेन. लोकांना बरं व्हायला आधी जास्त आजारी पडायला लावतो तो. पण त्याची किंमत माझ्या गुडघ्यांनी का द्यायची? मी ताट बाजूला सारलं.

माझ्याकडं एक लाख साठ हजार साठलेत. थोडं पतसंस्थेतून काढतेय. उरलेल्यासाठी आप्पांकडं गेले आणि म्हणाले, "लग्नाचे म्हणून नकोत. माझे म्हणून द्या, फेडीन." ते बराच वेळ तंबाखूची रिकामी डबी उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "पहिली उचल आली की देतो. कशाचे ते विचारू नको."

जानेवारीची तारीख ठरलीय. आईनं आत्याला फोनवर सांगितलंय की माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे. एवढा विचार करून झाल्यावर तिला थांबवायला हवं होतं. मी शेजारीच होते. मी अजून ते खोडून काढलेलं नाही.