काचपात्रांतील शेजारी

मुलांच्या हट्टास्तव आम्हीं एकदां गोल काचपात्रांत चार गोल्डफिश आणून सोडले. पंधरवड्यांत चारहि मेले. पाणी अखेरपर्यंत नितळ होतें. म्हणून दोष माशांच्या नाजूकपणावर ढकलून आम्ही मोकळे झालों. पुढें कळलें कीं, माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेंतून निघणारा अमोनिया डोळ्यांस दिसत नाहीं. त्याचें प्रथम नायट्राइट व मग सौम्य नायट्रेट करणारे जंतु नव्या पात्रांत पुरेसे वाढण्यास कित्येक आठवडे लागतात. अज्ञानाची सबब कायद्यांत चालत नाहीं. मुक्या जिवापुढें ती कां चालावी?

लहान पात्रांत कोणते मासे ठेवावे, हा प्रश्न दुकानांत रंगावरून सुटतो. वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे. कोणी म्हणेल, मासा जगला म्हणजे झालें. थायलंडकडील उथळ पाण्यांतल्या ‘फायटर’ माशाला पृष्ठभागावर येऊन हवेंतून श्वास घेण्याचें इंद्रिय आहे. त्यामुळें पेलाभर पाण्यांतहि तो तग धरतो; आणि तग धरतो म्हणून त्यास पेल्यांत ठेवतात! परंतु सोसण्याची शक्ति ही सोसावयास लावण्याची परवानगी नव्हे. घरांतील मुकाट्यानें राबणाऱ्या सुनेविषयीं आपण पिढ्यान्‌पिढ्या हीच गल्लत करीत आलों.

गोल्डफिशची लांब शेपटीची जात फूटभर वाढते. पात्रांत ती खुंटली, तर ‘मासा जागेपुरताच वाढतो’ असें म्हणून आपण समाधान मानतों. केरळच्या नद्यांतील डेनिसन बार्ब हा वाहत्या पाण्यांत थव्यानें हिंडणारा मासा. शौकिनांसाठीं तो इतका पकडला गेला कीं, आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. त्याचें सौंदर्यच त्याचें वैरी झालें.

मग ठेवावें तरी काय? दोन फूट लांबीच्या पेटींत आपल्याच देशांतील झेब्रा डॅनिओचा सहा-सातांचा थवा सुखानें राहील. गप्पी ठेवावयाचे तर नुसते नर ठेवावे. नाहीं तर थोड्याच महिन्यांत पिलांची दाटी होते. फायटर एकटाच, पण ऐसपैस जागेंत असावा. मात्र ‘मला कोणता मासा आवडतो?’ हा प्रश्न शेवटीं विचारावा. ‘माझी ही पेटी कोणाचें आयुष्य पेलूं शकेल?’ हा पहिला. त्याचें उत्तर ‘कोणाचेंच नाहीं’ असें आलें, तर पेटींत नुसत्या पाणवनस्पती वाढवाव्या. आमच्या घरच्या त्या गोल पात्रांत आतां त्याच आहेत.