संस्थेच्या नावाचं काय?

दिल्लीत एका शाळकरी पोराने जीव दिला. शाळेने चौघांना निलंबित केलं, चौकशी लागली, पोराचे अंत्यविधी मात्र सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या गावी झाले. सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यापायी विटा-खानापूर भागातली माणसं देशभर विखुरली आहेत, त्यामुळे बातमी दिल्लीची असली तरी सुतक इकडे लागलं. आणि त्याच आठवड्यात साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा घेताना एक निवृत्त मुख्याध्यापक मला म्हणाले, "वाईट झालं हो. पण पेपरवाल्यांनी शाळेचं नाव कशाला छापायचं? एवढी जुनी संस्था!"

चहा कागदी कपात होता, म्हणजे माझं डोकं आधीच तापलेलं. त्यात हे.

संस्थेचं नाव ही सांगली-सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली फार नाजूक चीज आहे. ते कमानीवर असतं, बसच्या पाठीवर असतं, आणि निकाल लागला की चौकातल्या फ्लेक्सवर असतं. फ्लेक्सवर पोरांचे फोटो टपाल तिकिटाएवढे आणि अध्यक्षांचा फोटो दरवाजाएवढा. पोर आठ दिवस जेवत नाही, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणतं, चालतं. नावाला शिंक आलेली चालत नाही. तक्रार घेऊन आलेल्या आईला आधी पाणी मिळतं, मग चहा, मग संस्थेचा इतिहास. संस्थापकांनी सायकलवरून कशी धान्य-वर्गणी गोळा केली, इथून किती कलेक्टर झाले, साहेबांचा आपल्या शाळेवर किती जीव आहे. बाई बिचारी ऐकत बसते. तिला विचारायचं असतं, की माझ्या मुलीला त्या काकांनी खोलीत का बोलावलं. ते विचारायचा मुहूर्त काही येत नाही.

एवढ्यानेही बाई उठली नाही, तर संस्था आपली काळजी उदार मनाने तिलाही देते. "आमचं सोडा हो ताई, उद्या मुलीचीच बदनामी होईल. लग्नकार्य आहे पुढं." मुलगी असते सहावीत. दोन मिनिटांपूर्वी जी अब्रू संस्थेची होती, ती आता पोरीची झालेली असते, आणि ती सांभाळायची जबाबदारीही पोरीचीच. ही चलाखी मला विलक्षण वाटते. एखाद्या सहकारी बँकेलाही आपलं बुडीत कर्ज इतक्या सफाईने ठेवीदाराच्या खात्यावर टाकता आलेलं नाही.

बरं, गप्प बसून नाव राहतं म्हणावं, तर तेही नाही. बदलापुरात ऑगस्ट 2024 मध्ये चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेत जे लैंगिक अत्याचार झाले, ते पहिल्याच दिवशी शाळेने स्वतः पोलिसांत नेलं असतं तर आतल्या पानावर चार ओळी आल्या असत्या. पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं, 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि गावाचं नाव देशभर गेलं. न कळवल्याबद्दल संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हे दाखल झाले. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा आहे. त्याचं कलम 19 सांगतं, की नुसती कुणकुण लागली तरी पोलिसांना कळवा. खरं-खोटं करत बसायचं काम शाळेचं नाही. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर वर्षापर्यंत. या कायद्यात संस्थेच्या अब्रूला सूट कुठे दिली आहे ते मी चष्मा पुसून दोनदा शोधलं.

लांब कशाला, कुरळप बघा. वाळवा तालुक्यातली आश्रमशाळा, सप्टेंबर 2018. पोलिसांकडे एक निनावी पत्र गेलं तेव्हा मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं, आणि अटक झाली ती संस्थापकालाच. वसतिगृहातल्या मुलीला संध्याकाळी दप्तर टाकून आईला सांगायची सोय नसते, ती रात्री तिथेच झोपते. साताऱ्याला बोर्डिंगची कोण ऐट! कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये इथे छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, आणि पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. नाव असं झालं. त्या काळी फ्लेक्स नव्हते, हेही बरंच झालं.

बाकीच्या सबबी आहेतच. "आम्हीही मार खाल्लाय, बिघडलं काय?" बिघडलंय ते तुम्हाला कसं दिसणार. शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्येच मारायला आणि मानसिक छळाला बंदी घातली, तरी वसईत उशीर झाला म्हणून पोरीला उठाबशा काढायला लावल्याचं परवाच वाचलं. "पोरं हल्ली हळवी झालीत." असतील. आणि "आमच्याकडची पोरं जिद्दीची" ही तिसरी. सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढे जंगल तुडवत अंधारी गावच्या शाळेला जायच्या, तेव्हा आपण त्यांच्या जिद्दीचे लेख लिहिले. जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे लक्षात आलं की इथे कौतुक नको होतं, रस्ता हवा होता.

आता तक्रारपेटी. एका शाळेच्या पालकसभेत मी ती उघडताना पाहिली. पेटी मुख्याध्यापकांच्या दाराला लागून, बरोबर कॅमेऱ्याखाली. म्हणजे कुणी चिठ्ठी टाकली हे साहेबांना खुर्चीत बसून पडद्यावर दिसावं. किल्ली शिपाईमामांकडे, मामा रजेवर. शेवटी कुलूप तोडलं. आत कुरकुऱ्याचं पाकीट, खडूचे तुकडे आणि वहीच्या पानाची घडी: "मुलींच्या संडासला आतून कडी नाही." सभेत हशा पिकला. एक सर म्हणाले, "बघा, हेच यांचे प्रॉब्लेम!" मागे बसलेल्या बायका हसल्या नाहीत.

कागदावर आपलं सगळं चोख आहे. मार्च 2022 पासून शाळोशाळी मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे. ज्यांच्या नावाने ती आहे त्या सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यातलं. बदलापूरनंतरच्या आदेशात मुख्याध्यापकांनी आठवड्यातून तीनदा कॅमेऱ्याचं फुटेज पाहावं असं आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक नेमा म्हणून सांगितलं. आमच्याकडे त्याचा अतिरिक्त कार्यभार चित्रकलेच्या सरांकडे जाईल, असा माझा होरा आहे. आणि नुसती नेमणूक तरी काय करणार? दिल्लीतल्या मुलाने शाळेतल्या समुपदेशकांना मनातलं सांगितलं होतं, पण घरी कुणी कळवलं नाही, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

मुख्याध्यापकांची मला दयाही येते. पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, यू-डायस भरायचं, निवडणुकीचं काम ओढायचं, आणि त्यातून तीनदा फुटेज बघायचं. नाही जमत, नका बघू. मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर तेवढा वर्गावर्गात पोरांच्या उंचीला लिहा. सध्या दिसला तर जिल्हा परिषद पदाधिकाऱ्यांच्या नावांखाली, मुंगीच्या अक्षरात दिसतो.

पुढच्या महिन्यात स्नेहसंमेलनं सुरू होतील. आमच्यासारख्यांना पाहुणे म्हणून बोलावणी येतात. शाल-श्रीफळ नको, घरी शालींना कसर लागली आहे. स्टेजवर जायच्या आधी मी तक्रारपेटीची किल्ली मागणार आहे. त्यापायी पुढच्या वर्षी कुणी बोलावलं नाही, तर तेवढाच एक कागदी कप वाचेल.