परत येणे आणि पुन्हा येणे

२४ मार्च २०२४, होळीची रात्र. मी तोरणमाळला होतो, यशवंत तलावाजवळच्या एका चहाच्या टपरीवर. सातपुड्याच्या या भागातून दिवाळीनंतर माणसे गाड्या भरभरून गुजरातेत जातात, कोणी सुरत-बारडोलीकडे ऊस तोडायला, कोणी सौराष्ट्रात शेतीच्या कामाला. मुकादमाची उचल फिटो न फिटो, होळीला मात्र घाट चढून वर येतात. अशीच नुकती आलेली सात-आठ पोरे एका मोबाइलवर डोकी घालून बसली होती. अहमदाबादला गुजरात टायटन्स आणि मुंबई इंडियन्स यांचा सामना चालू होता आणि भरल्या स्टेडियममध्ये मुंबईचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या याची हुर्यो उडत होती. “धंदा आहे तो. जिथं भाव मिळाला तिथं गेला,” एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारले, “मग एवढी माणसं ओरडतात कशाला?” त्यावर कोणी काही बोलले नाही.

आठवडाभराने, १ एप्रिलला, खुद्द वानखेडेवर तेच झाले. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावे लागले. मग चर्चा झडल्या आणि त्यांत त्या पहिल्या मुलाचेच उत्तर अधिक सफाईदार भाषेत ऐकू येत राहिले. नोव्हेंबर २०२५मध्ये रवींद्र जडेजा चेन्नईतून त्याच्या जुन्या राजस्थानकडे गेला आणि त्याच्या बदल्यात संजू सॅमसन चेन्नईला आला, तेव्हाही तेच उत्तर. दुसऱ्या मुलाचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

हार्दिकची कहाणी वाचकांना ठाऊकच आहे. बडोद्यात वाढलेल्या या पोराला २०१५ साली मुंबईने दहा लाखांच्या मूळ किमतीत घेतले, आणि चार विजेतेपदांत तो संघात होता. २०२२च्या मोठ्या लिलावाआधी मुंबईने रोहित शर्मा, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड या चौघांना ठेवले, हार्दिकला सोडले. गुजरातने १५ कोटी देऊन त्याला कर्णधार केले. पहिल्याच मोसमात तो जिंकला, दुसऱ्यात शेवटच्या चेंडूवर हरला. २६ नोव्हेंबर २०२३च्या संध्याकाळी गुजरातच्या यादीत त्याचे नाव होते. २७ला तो मुंबईचा झाला. १५ डिसेंबरला त्याला कर्णधार केल्याचे जाहीर झाले, पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहितच्या जागी.

त्याला गद्दार म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे, की आधी मुंबईनेच त्याला सोडले होते. आणि ज्यांनी याला मराठी-गुजराती रंग दिला, त्यांनी अहमदाबादचा आवाज ऐकलाच नाही.

‘धंदा आहे तो’ म्हणणाऱ्या व्यवहारवाद्यांकडे मात्र नीट वळायला हवे. त्यांचे म्हणणे समंजस वाटते, आणि म्हणूनच ते कोणी तपासून पाहत नाही. खेळाडूची कारकीर्द दहा-पंधरा वर्षांची, शरीर हेच त्याचे भांडवल, तेव्हा तो भाव मिळेल तिथे जाणार. संघ म्हणजे कंपनी, प्रेक्षक म्हणजे गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाने भावुक होणे पोरकटपणाचे. यातला पहिला भाग मला मान्य आहे. घाम गाळणाऱ्याने भाव मागू नये असे मी कधी म्हणणार नाही. पण पुढचे सगळे मला पटत नाही.

एक तर, व्यवहार म्हटला की भाव उघड हवा. नंदुरबारच्या बाजारात मिरचीचा लिलाव होतो तेव्हा बोली सगळ्यांच्या कानांवर पडते. आयपीएलच्या लिलावातही हातोडा सर्वांसमोर पडतो. पण हार्दिकच्या या संघबदलात, त्याच्या मानधनाखेरीज मुंबईने गुजरातला किती रक्कम मोजली, तो आकडा जाहीरच केला गेला नाही. ज्याला ‘हा फक्त व्यवहार आहे’ म्हणून गप्प बसवायचे, त्याच्यापासूनच व्यवहाराचा आकडा झाकून ठेवायचा, हे मला सरळ दिसत नाही. बरे, हार्दिकच्या स्वागताला मालकांनी शब्द कोणते वापरले? घर, कुटुंब, पुनर्भेट. कंपनीने माणूस नेमला तर ती असे बोलत नाही. घराची भाषा त्यांनीच सुरू केली. प्रेक्षकांनी ती खरी मानली आणि घरातल्या माणसासारखे ते रागावले.

आणि विकले काय जाते? २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एवढी रक्कम चौकार-षटकारांची नसते. ती ‘आपला संघ’ या दोन शब्दांची असते. शहाद्याचा, धडगावचा मुलगा, ज्याने वानखेडे कधी पाहिलेले नाही, तो निळी जर्सी घालून मुंबई जिंकावी म्हणून जीव टांगणीला लावतो, म्हणून ती रक्कम उभी राहते. ही ओढ म्हणजे या धंद्याचा कच्चा माल आहे. तो माल फुकट घ्यायचा आणि ज्याच्याकडून घेतला त्याला भावुक म्हणून हिणवायचे, हे व्यवहाराच्या नीतीतही बसत नाही. शिवाय हार्दिकच्या कर्णधारपदाच्या त्या पहिल्या मोसमात, २०२४ला, १४पैकी चारच सामने जिंकून मुंबई तळाला गेली. ज्या हिशेबात माणसांच्या मनाचा रकाना नाही, तो हिशेब म्हणूनही कच्चाच.

व्यवहार म्हणजे काय हे टपरीवरच्या त्या पोरांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आधी घेतलेली उचल, मग मोसमभर तिची फेड. यापेक्षा कोरडा व्यवहार कोणता? तरी मुकादमाच्या फडाला ते घर म्हणत नाहीत, आणि घरी येण्याला सौदा म्हणत नाहीत.

होळीच्या त्याच दिवशी, दुपारी, एका घरात मी मोठा ढोल टांगलेला पाहिला. थोरला भाऊ गुजरातेत गेलेला, त्याचा ढोल. धाकट्यालाही वाजवता येत होता, तरी थोरला येईपर्यंत कोणी तो खाली काढला नव्हता. थोरला सकाळीच पोचला होता आणि ढोलावरची धूळ पुसत बसला होता. तो परत आला होता, पुन्हा आला नव्हता.

या दोन शब्दांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. एरवी आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो; ‘परत सांग’ म्हणजे ‘पुन्हा सांग’. (२०१९नंतर ‘पुन्हा येणे’ एका राजकीय घोषणेला चिकटले आहे; तो अर्थ इथे बाजूला ठेवू.) येण्याच्या बाबतीत मात्र मी हे शब्द वेगळे ठेवीन. पुन्हा येणे एकट्याच्या हातात असते. पाहुणा पुन्हा येतो, पाऊस पुन्हा येतो. परत येण्याला येणारा पुरत नाही. त्याची जागा राखून ठेवणारेही लागतात. आणि जागा त्याचीच लागते. दुसऱ्याच्या जागेवर येऊन बसलेला माणूस, त्याच उंबऱ्यातून आत आला तरी, परत आलेला नसतो.

हार्दिकची मुंबईतली जागा कोणती होती? मधल्या फळीत येऊन सामना फिरवणारा, अडचणीच्या वेळी चेंडू हातात घेणारा, रोहितच्या हाताखालचा खेळाडू. २०२२च्या अखेरीस पोलार्डनेही आयपीएलमधून निवृत्ती घेतल्यावर ती जागा आणखी रिकामी दिसत होती. तो तिथे आला असता तर वानखेडेने त्याला डोक्यावर घेतले असते, असे मला ठामपणे वाटते. त्याला बसवले ते मात्र न रिकाम्या झालेल्या जागेवर.

कदाचित मी गर्दीला जास्तच शहाणपण बहाल करतो आहे. पुष्कळ जण शेजारचा ओरडतो म्हणून ओरडले असतील, आणि त्या दिवसांत त्याच्या वाट्याला ज्या शिव्या आल्या त्या निव्वळ क्रूर होत्या. त्यांची पाठराखण मी करणार नाही. व्यवहारवादी इथे बार्बाडोस पुढे करतात. २९ जून २०२४ला तिथे टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात १६ धावा राखायच्या होत्या, हार्दिकने पहिल्याच चेंडूवर मिलरला बाद केले, भारत सात धावांनी जिंकला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. म्हणजे, ते म्हणतात, जिंकले की सगळे माफ.

मला ते पटत नाही. भारताच्या त्या संघात कर्णधार रोहित होता, हार्दिक उपकर्णधार. शेवटचे षटक टाकणे हे कोणाच्या जागेवर बसणे नव्हते. ते त्याचेच काम होते, आणि चेंडू त्याच्या हाती दिला तो रोहितने. मुंबईचे लोक मार्चपासून ज्याची वाट पाहत होते ते येणे त्यांना जुलैत दिसले.

जडेजाबद्दल राजस्थानात घरवापसी म्हणून आनंद झाला. २००८ साली तो तिथे विजेता होता, वय एकोणीस. पण ज्या शेन वॉर्नने त्याला तेव्हा सांभाळले तो २०२२मध्ये गेला, आणि त्या संघातले त्याचे सोबती केव्हाच पांगले. त्याची जागा राखून ठेवणारे तिथे कोणी उरलेले नव्हते. जडेजा राजस्थानला पुन्हा आला. दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव होऊन संघ मोडतात, तिथे जागा राखणार तरी कोण?

मग हार्दिकने काय करायला हवे होते, असा प्रश्न एका मित्राने मला विचारला. त्याने काही वेगळे करायला हवे होते असे मला वाटत नाही. त्याला एक मोसम रोहितच्या हाताखाली खेळू द्यायला हवे होते. मालकांनी त्याला अठरा दिवस दिले.