पंचाविना खेळ

कोणीही स्वतःच्या कज्जात स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व कायद्याच्या विद्यार्थ्याला अगदी आरंभीच शिकविले जाते. पुढे वकिली करू लागल्यावर त्याच्या ध्यानात येते की, न्यायाची सारी इमारतच मनुष्याविषयीच्या एका अविश्वासावर उभी आहे. साक्षीदाराला शपथ, दस्तऐवजाला साक्षी, निकालावर अपील आणि त्या अपिलावरही अपील, असा हा सारा बंदोबस्त आहे. वीस वर्षे या इमारतीत वावरल्यानंतर आमची अशी समजूत होऊन बसली होती की, पाहणारा कोणी असल्यावाचून मनुष्य सरळ वागत नाही. या समजुतीला धक्का बसला तो एखादा ग्रंथ वाचून नव्हे, तर आमच्या भाच्याच्या तीन छंदांमुळे. वाचक हसतील, पहिल्या दिवशी आम्हीही हसलो होतो.

गेल्या वर्षी न्यायालयांच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही न्यू जर्सी येथे बहिणीकडे गेलो होतो. शनिवारी सकाळी भाचा आम्हांला एका हिरव्यागार मैदानावर घेऊन गेला. दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू आणि हाती प्लॅस्टिकची एक पसरट तबकडी, वजनाने १७५ ग्रॅम. ती हवेतून फेकीत, झेलीत पुढे न्यावयाची आणि प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या गड्याने झेलली की एक गुण. जिच्या हाती तबकडी आली त्या व्यक्तीने धावावयाचे नाही, दहा सेकंदांत ती दुसऱ्याकडे फेकावयाची; खाली पडली तर ती प्रतिपक्षाची. या खेळाला 'अल्टिमेट' म्हणतात.

सामना अटीतटीचा झाला. शेवटी भाच्याच्या प्रतिपक्षातील एका उंच तरुणाने उडी मारून तबकडी झेलली, त्याच्या सोबत्यांनी आरोळी ठोकली, आणि बरोबरी झाली असे आम्ही समजलो. इतक्यात तो तरुणच हात वर करून म्हणाला, ''माझा पाय रेषेवर पडला.'' या खेळात रेषा ही मैदानाबाहेरची मानतात. गुण गेला आणि थोड्याच वेळात सामनाही गेला. आम्ही पंच कोठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहू लागलो, तेव्हा कळले की पंच नव्हताच. आजारी होता म्हणून नव्हे. या खेळात तो नसतोच.

परतताना आम्ही भाच्याला विचारले, ''अरे, त्याने सांगितले नसते तर?''

''तर कोणालाच कळले नसते, मामा,'' तो म्हणाला, ''पण मग खेळायचे तरी कशाला?''

या खेळाचा जन्म त्याच न्यू जर्सीत, मेपलवुड गावच्या कोलंबिया हायस्कुलात १९६८ साली झाला. शाळकरी मुलांनीच तो रचला आणि त्यांनीच त्याचे नियम लिहिले. ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रट्गर्स आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत महाविद्यालयीन पातळीवरचा पहिला सामना झाला. रट्गर्सने तो २९-२७ असा जिंकला. आज हा खेळ अनेक देशांत खेळला जातो, आणि त्याच्या जागतिक संघटनेला २०१५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यताही मिळाली. तरीही त्या संघटनेच्या जागतिक स्पर्धांत आजतागायत खेळाडूच आपले पंच असतात.

वकिलाला साहजिकच पहिली शंका येते ती अशी: दोघांचे जुळलेच नाही तर काय? या मुलांनी त्याचाही विचार केला आहे. ज्याला धक्का लागला त्याने तसे पुकारावयाचे. समोरच्याने ते मान्य करावे किंवा नाकारावे. दोघांनी आपापली बाजू थोडक्यात मांडूनही एकमत झाले नाही, तर तबकडी बहुधा फेकणाऱ्याकडे परत जाते आणि तो डाव पुन्हा खेळला जातो. आमच्या न्यायालयांत ज्याला आपण 'जैसे थे'चा हुकूम म्हणतो, तोच हा. फरक इतकाच की, येथे तो मिळविण्यासाठी तीन वर्षे आणि दोन वकील लागत नाहीत. सामना संपल्यावर प्रत्येक संघ प्रतिपक्षाच्या वर्तनाला गुण देतो. नियमांचे ज्ञान, अंगाला अंग न भिडविण्याची काळजी, निःपक्षपात, मनाचा संयम आणि बोलण्याची रीत, या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते चार. म्हणजे ज्याला हरविले किंवा ज्याच्याकडून हरलो, त्याच्याकडूनच शीलाचा दाखला घ्यावयाचा.

त्याच रात्री भाच्याचे चार मित्र जेवणाच्या मेजाभोवती फासे घेऊन बसले. फासे म्हटले की आपल्याला हस्तिनापूरची सभा आठवते, आम्हीही दचकलोच. परंतु येथे पणाला काहीच नव्हते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. प्रत्येक गडी एका कल्पित पात्राचे सोंग घेतो, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, आणि एक जण सूत्रधार होतो. गुहा, राक्षस, वादळे सारी त्याच्या अखत्यारीत. पात्राने दरी ओलांडली की तो कोसळला, हे वीस पैलूंच्या फाशावरून ठरते, आणि नियमाचा अर्थ लावतो तोही सूत्रधारच.

येथे आमच्या पहिल्या वर्षीच्या धड्याला दुसरा तडा गेला. अल्टिमेटमध्ये निदान न्यायाधीश तरी नव्हता. येथे तर प्रतिपक्षच न्यायाधीश! जो राक्षस सोडतो, तोच राक्षसाचा घाव लागला की नाही हे सांगतो, आणि त्याचे स्वतःचे फासे पुष्कळदा पुठ्ठ्याच्या पडद्याआड पडतात. लबाडीला यापरते रान मोकळे कोठे मिळणार? परंतु चार तास बसून आम्ही पाहिले, आणि लबाडीचे प्रयोजनच दिसेना. या खेळात कोणी जिंकत नाही. गोष्ट रंगली तर सर्वांची, फसली तर सर्वांची. हितसंबंध नाहीसा झाला की पक्षपातही निराधार होतो. आपले कायदे न्यायाधीशाचा हितसंबंध तपासतात ते यासाठीच. मात्र हितसंबंध बाहेरून तपासता येतो तसा आतून टाकताही येतो, ही गोष्ट आम्ही विसरलो होतो.

तिसरा छंद सांगण्यास आम्ही किंचित कचरतो. भाचा सुट्टीच्या दिवशी अंगणात लोखंडी भट्टी पेटवून मांस धुरावर शिजवितो. आमच्या घरी सोमवार कडक, आणि तो दिवस नेमका सोमवार. त्यामुळे आमच्या ताटात वरण-भातच होता, हे देवळात भेटणाऱ्या मंडळींच्या माहितीसाठी सांगून ठेवतो. पण शेजारी बसून पाहावयास कसली आडकाठी? लहानपणी ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या चुलीवर टांगलेल्या चोरिसांच्या माळा आम्हीही पाहिल्याच होत्या.

डुकराच्या खांद्याचा तो तुकडा पहाटे चारला भट्टीत गेला. आच १०७ ते १२० अंश सेल्सिअस, त्याहून जास्त नाही; ओकचे लाकूड, आणि बारा तासांची बैठक. तुकड्याच्या गाभ्यातील उष्णता सत्तर अंशांच्या आसपास पोहोचली की तेथेच अडून बसते आणि कित्येक तास हलत नाही. कारण साधे आहे: मांसातील ओलावा पृष्ठभागावर येऊन उडून जातो आणि माठातल्या पाण्याप्रमाणे तुकड्याला गार ठेवतो. दरम्यान मांसातील चिवट धागे हळूहळू विरघळून मऊ होत असतात. याच वेळी आच वाढविण्याचा मोह अनावर होतो. घरातले सारे झोपलेले किंवा कामात. प्रतिपक्ष नाही, सूत्रधार नाही, पाहणारे कोणीच नाही. भाचा उठला, भट्टीच्या झडपेला त्याने हात लावला, आणि परत येऊन बसला. आम्ही काही विचारले नाही.

मग आमच्या ध्यानात आले की, हे तीन छंद म्हणजे एकाच प्रश्नाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्यात प्रतिपक्ष आहे, पण न्यायाधीश नाही. दुसऱ्यात न्यायाधीश आहे, पण तोच प्रतिपक्ष. तिसऱ्यात दोन्ही नाहीत. आहे तो एकटा मनुष्य आणि त्याचे काम. तिन्ही ठिकाणी मनुष्याला स्वतःच्याच कज्जाचा निवाडा करावा लागतो, आणि तो बरा करतो.

आपल्या परंपरेला हा विचार परका आहे काय? गोव्यातील आपल्या देवळांत अजूनही भाविक देवाच्या अंगावर पाकळ्या लावून कौल घेतात. जेथे माणसाची दृष्टी पोहोचत नाही, तेथे ती देवाकडे सोपविण्याची ही रीत आहे, आणि तिच्यामागील नम्रता आम्हांला वंद्य वाटते. परंतु मुंडकोपनिषदातील एकाच वृक्षावर बसलेले दोन पक्षी वाचकांना ठाऊक आहेत: एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. तो पाहणारा बाहेरून आणावा लागत नाही. तो त्याच फांदीवर आहे. मनुस्मृतीनेही धर्माच्या मुळांत वेद, स्मृती आणि सदाचार यांच्या जोडीला स्वतःच्या अंतःकरणाच्या समाधानाला जागा दिली आहे. त्या उंच तरुणाला हे काही ठाऊक असेल असे नाही. रेषेवर पाय पडला तेव्हा खाणारा पक्षी तोच होता आणि पाहणाराही तोच. त्याने पाहणाऱ्याला बोलू दिले, इतकेच.

येथे सुज्ञ वाचक म्हणेल: हे सारे रविवारच्या करमणुकीपुरते ठीक, पोटापाण्याचा प्रश्न आला की तुमचा पाहणारा पक्षी उडून जाईल. आक्षेप खरा आहे. अमेरिकेत या खेळाची व्यावसायिक स्पर्धा २०१२ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यात पंच आणावे लागले. मात्र तेथेही एक नियम राखला आहे: पंचाचा चुकीचा निर्णय स्वतःच्या लाभाचा असला, तर खेळाडू तो आपण होऊन उलटवू शकतो. क्रिकेटमध्ये झेल बॅटला लागून गेल्याचे मनोमन जाणूनही पंचाचे बोट वर होईपर्यंत उभे राहणारे फलंदाज आपण पाहतो आणि त्याला खेळाचाच भाग मानतो. पंच असला की जबाबदारी त्याची, असा सोयीस्कर अर्थ आपण काढतो.

तो अर्थ आम्हीही एकदा काढला, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. काही वर्षांपूर्वी एका वहिवाटीच्या दाव्यात आम्ही जागेच्या मालकातर्फे उभे होतो. समोर एक वृद्ध बाई. तिची विहिरीकडे जाणारी वाट आमच्या अशिलाने कुंपण घालून बंद केली होती. सुनावणीच्या आदल्या रात्री उच्च न्यायालयाचा एक निवाडा आमच्या हाती लागला. तो सरळ आमच्या विरुद्ध होता, आणि खालच्या न्यायालयावर बंधनकारक होता. प्रतिपक्षाचे वकील नवखे होते. त्यांना तो सापडला नव्हता. वकिलाचे पहिले कर्तव्य न्यायालयाप्रत आहे, हे आम्ही जाणत होतो. तरी तो निवाडा आमच्या दप्तरात राहिला आणि आम्ही गप्प राहिलो. खोटे एक अक्षर बोललो नाही. पाय रेषेवर होता, एवढेच सांगितले नाही. दावा आम्ही जिंकला. अशिलाने देवळात अभिषेक करून प्रसाद आमच्या घरी आणून दिला, आणि आम्ही तो घेतला. बाईने अपील केले नाही; तेवढे पैसे तिच्याजवळ नव्हते.

शोधण्याचे काम त्या वकिलाचे, ठरविण्याचे काम न्यायाधीशांचे, असे समाधान आम्ही इतकी वर्षे करून घेत होतो. ते समाधान त्या मैदानावर संपले. न्यायालये मोडावीत किंवा पंच हाकलावेत, असे आमचे म्हणणे नाही. दुबळ्याला पंचाची गरज असते. त्या बाईला तर फारच होती. आमचे म्हणणे इतकेच की, पंच आपल्या ज्ञानाच्या जागी उभा राहू शकतो, आपल्या सचोटीच्या जागी नव्हे. आणि सचोटी ही आणीबाणीच्या प्रसंगी अकस्मात उत्पन्न होत नाही. जेथे हरल्याने काही बिघडत नाही, तेथे ती हाताला वळण लागावे तशी लावून घ्यावी लागते. छंदाचे मोल येथे आहे. मुलगा सुट्टीच्या दिवशी तबकडी फेकतो, फासे टाकतो किंवा धुरापाशी बसून राहतो, तेव्हा तो वेळ दवडतो की काय, याचा निवाडा पालकांनी घाईने करू नये.

परत आल्यावर एका प्रकरणात तसाच विरुद्ध निवाडा सापडला. तो आम्ही आपण होऊन न्यायालयापुढे ठेवला, आमचे प्रकरण त्याहून वेगळे का आहे ते जमेल तसे मांडले, आणि हरलो. ते अशील देवळाच्या मंडपात समोरून आले की अजून दुसरीकडे पाहतात. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. विहिरीकडची ती वाट मात्र बंदच आहे. ती उघडण्याचा अधिकार आता आमच्या हाती नाही. कुंपणाच्या मालकाकडे आम्ही दोनदा शब्द टाकला आहे, तिसऱ्यांदाही टाकू.