उरलेल्यावर निर्वाह



२ राजे, अध्याय ४ मधील विधवेच्या घरी थोड्याशा तेलावाचून काहीच नव्हते. आणि सावकार तिचे दोन्ही मुलगे दास करून नेण्यास आला होता. देवाने तिची भांडी तेलाने भरली. परंतु अलीशाने त्यानंतर सांगितलेला क्रम ध्यानात घ्या: तेल विकावे, ऋण फेडावे आणि जे उरेल त्यावर मायलेकरांनी निर्वाह करावा. चमत्कार घडला तरी हिशेब चुकला नाही.

आपल्या घरांत हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. पगार येताच सण, लग्नकार्य, नवा मोबाईल ह्यांवर खर्च होतो, हप्ता मागे राहतो, व्याज चढते. आणि ते ओझे अखेर लेकरांच्या माथी येते. म्हणून महिन्याच्या आरंभीच वहीत आधी देणे लिहावे, मग किराणा व शाळेची फी, आणि शेवटी हौस.

त्या विधवेने दारही लावून घेतले होते. देवाने दिलेले जपणे हाही विश्वासूपणाच आहे. बँकेचा ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवा.

प्रभू आपल्या घरांस ऋणमुक्तीचे समाधान देवो.