पावाचा राखणदार

'लॉर्ड' म्हटले, की डोळ्यांपुढे उंची झगे नि मोठमोठे वाडे उभे राहतात. पण या शब्दाच्या मुळाशी गेलो, तर हाती लागतो साधा पाव! जुन्या इंग्रजीत 'ह्लाफ' म्हणजे पाव, 'वेआर्ड' म्हणजे राखणारा. 'ह्लाफवेआर्ड' झिजत झिजत 'लॉर्ड' झाला. 'लेडी' ही मूळची 'ह्लॅफ्डिये', पावाची कणीक मळणारी. आणि चाकर? तो 'ह्लाफॅटा', धन्याचा पाव खाणारा. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या सुमारे इ. स. ६०० च्या कायद्यात तो भेटतो: साध्या शेतकऱ्याचा असा चाकर कुणी मारला, तर दंड ६ शिलिंग.

राखणे या क्रियेला मात्र दोन तोंडे आहेत. सर्वांच्या मुखी घास पडावा म्हणून कोठार राखणारा एक, आणि इतरांचा हात तेथवर पोचू नये म्हणून राखणारा दुसरा. किल्ली दोघांच्याही कमरेला असते. मग धनी कुणाला म्हणावे? माझ्या मते, ज्याचा चाकर उपाशी निजत नाही त्याला.

कालांतराने 'लॉर्ड'मधला पाव विरला, मान तेवढा उरला. 'लेडी'चेही तेच: मळणे सुटले, मोठेपणा राहिला. आमच्या घरांत नेमके उलटे! मळणे गृहिणीकडे राहिले. मान कुठे गेला, कोण जाणे. यंदा फराळाचे ताट पुढे येईल, तेव्हा 'चकली छान झाली' एवढ्यावर थांबू नये. ती करणारी जेवली का, हेही विचारावे.