तंबोऱ्यातला दोरा

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



सध्या घरोघरी बारावीनंतरच्या प्रवेशाची गडबड आहे. "इंजिनिअरिंग घेतलं की गाणं बंद," असं आपण सहज बोलून जातो. मूल ऐकतं आणि मुकाट्याने तंबोऱ्याला गवसणी घालतं.

पं. विष्णु नारायण भातखंडे कायदा शिकले, वकिली केली. आणि १९१८ साली आपल्या ग्वाल्हेरचं माधव संगीत महाविद्यालय त्यांच्याच प्रयत्नांनी उभं राहिलं. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा-वीणेच्या नादावर शोधनिबंध लिहिला. विद्या दोन, सरस्वती एकच.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली बारीकसा दोरा असतो. तो जागेवर बसला की तार गुंजते. काढला तर तार राहते, जवारी जाते. पदवी ही तार असेल, तर गाणं हा दोरा समजा. कुणाच्या बाबतीत उलटही असेल. दोऱ्याची जागा कानानेच सापडते, शेजाऱ्यांना विचारून नाही.

म्हणून फॉर्म भरण्याआधी मुलाला एकच विचारा: कुणी शाबासकी दिली नाही तरी रोज काय करशील? गणित म्हणाला, तर इलेक्ट्रॉनिक्स घेऊ द्या. विशारदची तयारी सोबत चालेल. रियाज म्हणाला, तर संगीताच्या पदवीला मनापासून आशीर्वाद द्या. स्वधर्म तो हाच. आपली अपेक्षा मात्र गुरुचरणी ठेवायची.

या गुरुवारी आरतीनंतर पाच मिनिटं मुलांचं ऐकूया, मध्ये न बोलता.

॥ शुभं भवतु ॥